विश्लेषण : ब्रिटन पुन्हा ‘इरॅस्मस’मध्ये का परतत आहे? विद्यार्थी देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्तीतून आपण काय शिकावे?

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असताना एखादे सत्र परदेशातल्या विद्यापीठात शिकायचे, तिथले गुण आपल्या पदवीत धरले जायचे आणि वर राहण्या-खाण्याच्या खर्चाला हातभार म्हणून शिष्यवृत्तीही मिळायची. युरोपात चार दशके रुळलेल्या या ‘इरॅस्मस’ योजनेतून ब्रिटन ब्रेग्झिटच्या वेळी बाहेर पडले. त्याजागी स्वतःची ‘ट्युरिंग’ योजना आणली. आता २०२७पासून ब्रिटन पुन्हा ‘इरॅस्मस प्लस’मध्ये परतणार आहे. बाहेर पडणे स्वस्त वाटले होते, मग परत येण्यासाठी एवढा पैसा मोजण्याची वेळ का आली? भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

नेमका निर्णय काय?

मे २०२५मध्ये लंडनमध्ये झालेल्या ब्रिटन-युरोपीय महासंघ शिखर परिषदेत दोन्ही बाजूंनी ‘इरॅस्मस प्लस’मधील ब्रिटनच्या सहभागाच्या दिशेने काम करण्याचे ठरवले. डिसेंबर २०२५मध्ये त्यावर सहमती जाहीर झाली. त्यानुसार २०२७ या वर्षासाठी ब्रिटन योजनेत सहभागी होईल आणि २०२७-२८साठी सुमारे ५७ कोटी पौंड भरेल. भारतीय चलनात ही रक्कम साधारण पावणेसात ते सात हजार कोटी रुपये होते. नेहमीच्या सूत्रानुसार जेवढी वर्गणी बसली असती, त्यात ३० टक्के सवलत मिळवल्याचे ब्रिटिश सरकारचे म्हणणे आहे. पहिल्या वर्षी एक लाखाहून अधिक लोकांना लाभ होऊ शकेल, असा सरकारचा दावा आहे. यात फक्त विद्यापीठांचे विद्यार्थी नाहीत. शाळा, व्यावसायिक शिक्षण, प्रौढ शिक्षण, युवक संस्था आणि क्रीडा क्षेत्रातील लोकही योजनेत येतात.

‘इरॅस्मस’ची सुरुवात कशी झाली?

प्रबोधनकाळातील विद्वान इरॅस्मस यांचे नाव धारण करणारी ही योजना १९८७मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आजवरच्या लाभार्थींची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे. २०१४मध्ये शिक्षण, प्रशिक्षण, युवक आणि क्रीडा अशा वेगवेगळ्या योजना एकत्र करून तिला ‘इरॅस्मस प्लस’ हे नाव देण्यात आले. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिचा खर्च सुमारे २,६०० कोटी युरो आहे.

योजनेमागे एका विद्यार्थिनीला आलेला कटू अनुभव होता. इटलीच्या सोफिया कोरादी १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकून रोमला परतल्या, तेव्हा तिथले शिक्षण ग्राह्य धरण्यास त्यांच्या विद्यापीठाने नकार दिला. परदेशात घेतलेले शिक्षण मायदेशी मोजले गेले पाहिजे, यासाठी त्यांनी पुढची अनेक वर्षे पाठपुरावा केला. ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कोरादी यांचे ऑक्टोबर २०२५मध्ये निधन झाले. योजनेचा उगम पैशाच्या अडचणीत नाही, तर न मोजल्या गेलेल्या अभ्यासात आहे. पुढचा सगळा वाद समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवे.

विद्यार्थ्याला नेमके काय मिळते?

‘शिष्यवृत्ती’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रक्कम येते. पण इरॅस्मसमध्ये रोख अनुदान हा चार भागांपैकी एक भाग आहे.

पहिला भाग शुल्काचा. विद्यार्थी आपल्या मूळ विद्यापीठाचे शुल्क भरत राहतो. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षण शुल्क घेत नाही. तुमचे विद्यार्थी आम्ही शिकवतो, आमचे तुम्ही शिकवा, असा हा व्यवहार आहे.

दुसरा भाग श्रेयांकांचा. युरोपात एक पूर्ण शैक्षणिक वर्ष ६० श्रेयांकांचे धरले जाते. विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा अभ्यास करार निघण्यापूर्वीच होतो. कोणते विषय घेणार आणि ते इकडे कशाच्या जागी धरणार, हे त्यात लिहिलेले असते. त्यामुळे परतल्यावर वर्ष वाया जात नाही.

तिसरा भाग अनुदानाचा. यजमान देशातील राहणीमानाच्या खर्चानुसार मासिक रक्कम ठरते. आर्थिकदृष्ट्या किंवा अन्य कारणाने मागे असलेल्या विद्यार्थ्यांना दीर्घ मुक्कामासाठी दरमहा २५० युरो जास्त मिळतात. तरीही हे अनुदान पूर्ण खर्च भागवणारे नाही. महागड्या शहरांत घरभाड्यातच त्याचा मोठा भाग जातो. हा योजनेवरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे.

चौथा भाग खात्रीचा. सात वर्षांचे अंदाजपत्रक आधी ठरलेले असते. पुढच्या वर्षी योजना असेल की नाही, या शंकेत विद्यापीठांना राहावे लागत नाही.

ब्रिटन बाहेर का पडले?

युरोपीय महासंघ सोडला म्हणून इरॅस्मस सोडणे भाग होते, असे नाही. महासंघाचे सदस्य नसलेले नॉर्वे, आइसलँड, तुर्की, सर्बिया यांसारखे देश वर्गणी भरून योजनेत आहेत. जानेवारी २०२०मध्ये तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेत इरॅस्मसला धोका नसल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात त्याच वर्षी २४ डिसेंबरला व्यापार करार जाहीर झाला, तेव्हा ब्रिटन योजनेतून बाहेर पडत असल्याचे स्पष्ट झाले.

सरकारचे कारण खर्चाचे होते. वर्गणी देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी जोडलेली. ब्रिटनमधून बाहेर जाणारे विद्यार्थी मात्र कमी आणि येणारे जास्त. २०१७मध्ये ब्रिटनमधून सुमारे साडेसोळा हजार विद्यार्थी इरॅस्मसवर गेले, तर ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी ब्रिटनमध्ये आले. इंग्रजी शिकण्यासाठी युरोपातील मुले ब्रिटनला पसंती देत आणि ब्रिटिश मुले परकीय भाषेच्या अडचणीमुळे मागे राहत. म्हणजे आपण जास्त भरतो आणि कमी घेतो, असा हिशेब मांडला गेला. या हिशेबात एक बाजू सुटली होती. येणारे विद्यार्थी घरभाडे, जेवण, प्रवास यांवर यजमान देशातच पैसे खर्च करतात. त्यांच्यापैकी काही जण पुढे उच्च शिक्षणासाठी तिथेच परततात.

‘ट्युरिंग’ योजना कुठे कमी पडली?

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या नावाची ही योजना २०२१-२२मध्ये ११ कोटी पौंडांच्या तरतुदीने सुरू झाली. तिच्या काही जमेच्या बाजू होत्या. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया असे जगातील कोणतेही ठिकाण निवडता येत होते. कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांवर तिचा भर होता. पासपोर्ट, व्हिसा, विमा अशा खर्चासाठीही अशा विद्यार्थ्यांना मदत मिळत होती. इरॅस्मसचा लाभ सुस्थितीतील घरांतील मुले अधिक घेतात, या टीकेला ते उत्तर होते.

पण ट्युरिंग ही जाण्यासाठीची योजना होती, देवाणघेवाणीची नव्हती. ब्रिटनमध्ये येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना तिच्यातून काहीच मिळत नव्हते. उच्च शिक्षणातील प्राध्यापकांच्या ये-जा करण्यालाही तिच्यात स्थान नव्हते. साहजिकच समोरच्या विद्यापीठाला प्रश्न पडला, की आमच्या विद्यार्थ्याला तुमच्याकडे येण्यास मदत नसेल, तर तुमच्या विद्यार्थ्याचे शुल्क आम्ही का माफ करावे? शुल्कमाफीची बोलणी प्रत्येक ब्रिटिश विद्यापीठाला स्वतंत्रपणे करावी लागली. मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठांना ते जमले. छोट्या संस्थांना त्यासाठी माणसे आणि वेळ काढणे अवघड गेले.

दुसरी अडचण वेळेची. विद्यापीठांना दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागे. किती पैसे मंजूर झाले, हे कळायला उशीर होई. याचा फटका कोणाला बसतो? ज्याच्या घरी पैसे आहेत तो आधी तिकीट काढतो आणि अनुदान नंतर आले तरी त्याचे अडत नाही. ज्याच्याकडे विमानाच्या तिकिटाचेही पैसे नाहीत, तो शिष्यवृत्ती मंजूर होऊनही निघू शकत नाही. ज्या गटासाठी योजना आखली, त्याच गटाला उशिराचा सर्वाधिक त्रास झाला.

त्यात तरतूदही घटत गेली. २०२५-२६मध्ये ती सुमारे ७ कोटी ८० लाख पौंडांवर आली. परकीय भाषेच्या पदवीत एक वर्ष परदेशात काढणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. अशा विभागांसाठी ही अनिश्चितता विशेष जाचक ठरली.

वेल्स आणि स्वित्झर्लंडने काय वेगळे केले?

ब्रिटनमधीलच वेल्सच्या सरकारने ट्युरिंगवर समाधान मानले नाही. २०२२पासून चार वर्षांसाठी साडेसहा कोटी पौंडांची ‘टाइथ’ ही स्वतंत्र योजना त्यांनी राबवली. तिच्यात वेल्समध्ये येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मदत होती, म्हणजे ती खऱ्या अर्थाने दुहेरी होती. उत्तर आयर्लंडमधील विद्यार्थ्यांना इरॅस्मसचा लाभ मिळत राहावा म्हणून आयर्लंड सरकारने स्वतःच्या तिजोरीतून खर्च करण्याची तयारी दाखवली.

स्वित्झर्लंडचा अनुभव आणखी बोलका आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये तिथल्या जनतेने स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने सार्वमतात कौल दिला. त्यानंतर इरॅस्मस प्लसमधील सहभागाची बोलणी थांबली. स्वित्झर्लंडनेही स्वतःची योजना काढली. पण ती काढताना बाहेर जाणाऱ्या स्विस विद्यार्थ्यांबरोबर आत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही स्विस पैशातून अनुदान दिले. थोडक्यात, दोन्ही बाजूंचा खर्च एकट्याने उचलला. तात्पुरती म्हणून आणलेली ही सोय दहा वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर नोव्हेंबर २०२५मध्ये महासंघाशी करार होऊन स्वित्झर्लंडचाही २०२७पासून परतण्याचा मार्ग मोकळा झाला. दोन श्रीमंत देशांनी वेगवेगळ्या पद्धतीने स्वतंत्र योजना चालवून पाहिल्या आणि दोघेही एकाच वर्षी परतत आहेत.

५७ कोटी पौंड जास्त आहेत का?

ब्रिटनमध्ये यावरून वाद आहे. ट्युरिंगच्या तुलनेत ही रक्कम सात पटींहून अधिक आहे, असे विरोधक सांगतात. ही तुलना आकड्यांत बरोबर आहे, पण दोन्ही योजनांची व्याप्ती सारखी नाही. इरॅस्मस प्लसच्या वर्गणीतला मोठा भाग ब्रिटिश संस्थांना मिळणाऱ्या अनुदानांच्या रूपाने परत येऊ शकतो. तो किती येईल, हे मात्र ब्रिटिश विद्यापीठे, शाळा आणि संस्था किती अर्ज करतात यावर ठरेल. पूर्वीसारखेच बाहेर जाणारे कमी राहिले, तर जुना हिशेब पुन्हा उकरला जाईल. त्यामुळेच अंमलबजावणीला सुरुवात झाल्यावर दहा महिन्यांनी आढावा घेण्याची तरतूद करण्यात आली आहे.

आणखी एक मुद्दा शुल्काचा. ब्रेग्झिटनंतर २०२१-२२पासून युरोपीय विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये पूर्ण पदवीसाठी आंतरराष्ट्रीय दराने शुल्क भरावे लागते. त्या वर्षी नव्याने येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. इरॅस्मसवर सत्र-दोन सत्रांसाठी येणाऱ्यांना हा भुर्दंड नसेल. पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांचा प्रश्न मात्र या निर्णयाने सुटत नाही.

विद्यार्थी राजकारणात भरडले जातात का?

स्वित्झर्लंडच्या सार्वमतानंतर आणि ब्रेग्झिटनंतर ते दिसलेच. तिसरे उदाहरण हंगेरीचे. तिथली अनेक विद्यापीठे सरकारच्या जवळच्या मंडळींचा वरचष्मा असलेल्या न्यासांकडे सोपवली गेली. त्यावर आक्षेप घेत डिसेंबर २०२२मध्ये महासंघाने अशा न्यासांशी नवे आर्थिक करार करण्यास मनाई केली. त्यातून २१ विद्यापीठांची इरॅस्मसची वाट अडली. हंगेरी सरकारने ‘पॅनोनिया’ नावाची पर्यायी योजना आणली. कारभाराच्या वादात चूक कोणाचीही असो, तोटा १९-२० वर्षांच्या मुलांचा झाला. पदवीचा काळ तीन-चार वर्षांचा असतो. धोरण दुरुस्त होईपर्यंत एक पूर्ण तुकडी बाहेर पडलेली असते. ब्रिटनमध्ये २०२१ ते २०२६ या काळात पदवी घेणाऱ्यांना २०२७मधील पुनरागमनाचा काहीही उपयोग नाही.

भारतीय विद्यार्थ्यांना काय फायदा?

इरॅस्मस प्लसमध्ये पूर्ण सहभागी असलेल्या देशांत भारत नाही. तरी दोन वाटा खुल्या आहेत. पहिली ‘इरॅस्मस मुंडस’ शिष्यवृत्तीची, जी मिळवणाऱ्यांत भारतीयांचे प्रमाण लक्षणीय आहे. मात्र ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दुसरी वाट म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रेयांक देवाणघेवाण. युरोपातील विद्यापीठाचा भारतातील विद्यापीठाशी करार असेल, तर तिथला विद्यार्थी दोन ते बारा महिन्यांसाठी युरोपात जाऊ शकतो. अशा विद्यार्थ्याला दरमहा साधारण ८०० ते ९०० युरो आणि अंतरानुसार प्रवासखर्च मिळतो. यजमान विद्यापीठाचे शुल्क नसते.

इथे अनेकांची गफलत होते. या दुसऱ्या वाटेसाठी विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही. निवड आपल्या विद्यापीठामार्फतच होते. त्यामुळे ‘पैसे भरा, इरॅस्मस मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे. आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन कोणत्या युरोपीय विद्यापीठाशी करार आहे, तो चालू आहे का, कोणत्या विषयासाठी आहे आणि श्रेयांक कसे धरले जातील, हे चार प्रश्न विचारावेत. करार नसेल, तर गुणवत्ता असूनही ही वाट बंद असते.

ब्रिटनच्या निर्णयाचा एक थेट परिणाम मात्र आपल्याकडच्या घरांपर्यंत पोहोचू शकतो. इरॅस्मसमध्ये विद्यार्थी कोणत्या देशाचा नागरिक आहे यापेक्षा तो कोणत्या देशातील संस्थेत शिकतो, याला महत्त्व आहे. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा मडगावहून ब्रिटनमध्ये पदवीसाठी गेलेला विद्यार्थीही आपल्या विद्यापीठामार्फत एखाद्या सत्रासाठी जर्मनी किंवा स्पेनची निवड करू शकेल. त्याला व्हिसाची प्रक्रिया वेगळी करावी लागेल.

महाराष्ट्रासाठी धडा कोणता?

आपल्याकडच्या सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांचा रोख पदवीनंतरच्या शिक्षणावर आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. वंचित घरांतील अनेक तरुण त्यांच्या बळावर जगातल्या उत्तम विद्यापीठांत पोहोचले. पण जागा मर्यादित. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५, राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५. एका विद्यार्थ्याच्या पूर्ण परदेशी पदवीचे शुल्क, निवास आणि प्रवास उचलायचा, तर जागा कमीच राहणार.

एका सत्राची देवाणघेवाण वेगळ्या हिशेबाने चालते. शुल्क परस्पर माफ असल्याने मोठा खर्च राहण्याचा आणि प्रवासाचा उरतो. एका पूर्ण पदवीच्या खर्चात अनेकांना एक-एक सत्र बाहेर पाठवता येते. नियमांची चौकटही काही प्रमाणात तयार आहे. २०२१मध्ये श्रेयांक पेढी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर जुळे, संयुक्त आणि दुहेरी पदवी अभ्यासक्रमांना वाट करून दिली. जुळ्या अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठातून मिळवता येतात.

अडचण आहे ती आपल्या संलग्न महाविद्यालयांच्या रचनेत. राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि परीक्षा विद्यापीठ घेते. जालना किंवा सिंधुदुर्गातील महाविद्यालयाने एखाद्या परदेशी महाविद्यालयाशी कितीही जिव्हाळ्याचा करार केला, तरी तिथे शिकलेला विषय इथल्या गुणपत्रिकेत कशाच्या जागी धरायचा, हे ते महाविद्यालय ठरवू शकत नाही. सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात आणि विद्यार्थी मात्र हलत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी अडचण येणाऱ्यांची. देवाणघेवाण म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांनीही इथे येणे. त्यांच्यासाठी वसतिगृहाची खोली, सत्राचे वेळेवर चालणारे वेळापत्रक आणि वेळेवर लागणारे निकाल हवेत. इथला निकाल तीन महिने रखडला, तर तिकडच्या विद्यार्थ्याचे वर्ष अडते आणि पुढच्या वर्षी तिकडून कोणी येत नाही. मग आपल्या विद्यार्थ्यांसाठीची शुल्कमाफीही टिकत नाही. ट्युरिंगचे नेमके हेच झाले होते.

पुढे काय?

ब्रिटनचा सहभाग सध्या २०२७पुरता आहे. कारण चालू सात वर्षांच्या अंदाजपत्रकाचे ते शेवटचे वर्ष. २०२८ ते २०३४साठी युरोपीय आयोगाने सुमारे ४,०८० कोटी युरोंचा प्रस्ताव जुलै २०२५मध्ये मांडला. त्या टप्प्यात ब्रिटनला राहायचे असेल, तर वर्गणीची बोलणी नव्याने करावी लागतील आणि ३० टक्के सवलत तेव्हाही मिळेलच असे नाही.

तोवर ब्रिटिश विद्यापीठांसमोरचे काम किचकट आहे. तुटलेले करार जोडायचे, अनुभवी कर्मचारी पुन्हा उभे करायचे आणि ज्या विद्यार्थ्यांच्या घरात कोणी कधी परदेशी गेले नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे. या शेवटच्या कामात ट्युरिंगने घेतलेली मेहनत वाया घालवू नये, असे योजनेच्या समर्थकांनाही वाटते. अनुदान निघण्यापूर्वी हातात पडले आणि तिकडचे श्रेयांक विनातक्रार इकडे धरले गेले, तरच गरीब घरातील विद्यार्थी जाण्याचे धाडस करेल. ही अट मँचेस्टरला जितकी लागू आहे, तितकीच मराठवाड्यालाही.